आधी पाहा, मग अर्थ विचारा
स्वप्नवत आणि आध्यात्मिक चित्रांसमोर उभं राहताना, ती विकत घेताना

फिक्या पोकळीत तरंगणारं घड्याळ आणि त्याच्याजवळ एक सुकलेलं पान. धुक्यातून वर आलेला निळा डोंगर आणि त्याच्या कड्यावर ध्यानस्थ बसलेली एवढीशी आकृती. किंवा ओळखू येईल असं काहीच नाही, नुसता आतून उजळल्यासारखा पिवळा रंग. अशा चित्रांबद्दल वाचक जे विचारतात, ते थोड्याफार फरकाने सारखंच असतं. याचा अर्थ काय? मला काहीच कळलं नाही, म्हणजे मी कुठे कमी पडतो का? शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘स्पंदनं’ जाणवतात, मग मला का जाणवत नाहीत? आणि घरात लावायला चित्र घ्यायचं झालं, तर विक्रेता ज्या ‘ऊर्जे’बद्दल बोलतो तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा?

माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. अर्थाचा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. या प्रकारच्या चित्राचा अर्थ पाहणाऱ्यालाच लावावा लागतो हे खरं, पण तो चित्रावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. तेवढं बोट ठेवण्याइतकं चित्र आपण आधी पाहिलेलंच नसतं. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका मुद्द्याभोवती आहे. चित्र विकत घेण्याबद्दलचा भागही त्याला अपवाद नाही.

प्रश्न बदलला की नजरही बदलते

आल्फ्रेड यार्बुस या रशियन संशोधकाने चित्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. त्यातल्या एका प्रयोगासाठी त्याने इल्या रेपिनचं एक प्रसिद्ध चित्र वापरलं. हद्दपारीतून परतलेला माणूस ध्यानीमनी नसताना घराच्या दारात उभा राहतो आणि घरातले चमकून त्याच्याकडे बघतात, असा तो प्रसंग आहे. चित्र तेच होतं, पाहणाराही तोच होता. या माणसांची वयं काय असतील, असं विचारल्यावर नजर चेहऱ्यांवरून फिरली. घरची परिस्थिती कशी आहे, असं विचारल्यावर ती कपड्यांकडे आणि सामानाकडे वळली. म्हणजे आपण काय पाहणार हे बऱ्याच अंशी आपल्या मनातला प्रश्न ठरवतो.

‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न घेऊन उभे राहिलात, तर डोळे ओळखीच्या वस्तू शोधायला लागतात. घड्याळ दिसलं, पान दिसलं, ‘काळ आणि मृत्यू’ असं मनाशी म्हटलं आणि पाय पुढच्या चित्राकडे वळले. चित्राचा मोठा भाग व्यापणारी पोकळी मात्र पाहायची राहूनच जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, नावाजलेल्या कलाकृतींसमोरही प्रेक्षक सरासरी सत्तावीस सेकंद थांबत होते आणि निम्मे प्रेक्षक सतरा सेकंदांच्या आतच पुढे जात होते. एवढ्या वेळात गोष्ट सांगणारं चित्र कदाचित हाती लागेल. स्वप्नवत चित्र लागणार नाही, कारण त्यात घटना नसते. त्यात असते ती घडण आणि तिच्यामुळे आपल्या मनात हळूहळू होत जाणारा बदल.

पहिली पाच मिनिटं

दालनातली सगळी चित्रं पाहिलीच पाहिजेत हा आग्रह सोडा. तीन निवडा आणि प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. त्या पाच मिनिटांत एवढं करून पाहा:

- शेजारचा फलक शेवटी वाचा. शीर्षक एकदा डोक्यात शिरलं की चित्रातून तेवढंच दिसायला लागतं.
- वस्तूंची नावं घेण्याआधी जागा पाहा. क्षितिज आहे का? उजेड कुठून येतो? सावल्या आहेत का, आणि असल्या तर एकाच दिशेला पडतात का? वस्तू कशावर तरी टेकली आहे की अधांतरी आहे?
- दालनाने आखलेली मर्यादा न ओलांडता जमेल तेवढं जवळ जा आणि रंग कसा लावला आहे ते पाहा. जाड की पातळ, ब्रशचा की पुसलेला, खरवडलेला की ओतलेला.
- आठ-दहा पावलं मागे या. जवळून दिसत होतं त्यातलं काय नाहीसं झालं आणि नवीन काय दिसायला लागलं?
- मग स्वतःला काय वाटलं ते एका वाक्यात सांगा आणि लगेच विचारा: कशामुळे? ‘शांत वाटलं’ इथे थांबू नका. ‘वरच्या अर्ध्या भागात काहीच नाही आणि खालची वस्तू अगदी कडेला आहे, म्हणून शांत, पण थोडं एकटं वाटलं’ इथपर्यंत या.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांवर ती करून पाहण्यासारखी आहे. बरवे यांचा जन्म १९३६ चा, रायगड जिल्ह्यातल्या नागावचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून ते विणकर सेवा केंद्राच्या नोकरीसाठी वाराणसीला गेले. तिथे तंत्रपरंपरेतल्या आकृत्यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि त्यांची सुरुवातीची चित्रं त्या वळणाची झाली. पुढे त्यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंगात काम केलं. हा रंग गुळगुळीत, सपाट बसतो आणि हाताचा फटकारा फारसा दिसू देत नाही. त्यामुळे घड्याळ, शंख, पान, सेफ्टी पिन अशा रोजच्या वापरातल्या किंवा सहज सापडणाऱ्या वस्तू स्वच्छ कडांनिशी समोर येतात, पण त्यांच्याभोवती खोली नसते, टेबल नसतं, जमीन नसते. वस्तू ओळखीची आणि जागा मात्र अनोळखी, हा पेच स्वप्नात आपण सगळेच अनुभवतो. या चित्रांना स्वप्नवत म्हणायचं ते त्या घडणीसाठी. घड्याळ हे कशाचं ‘प्रतीक’ आहे हे शोधून काढण्याची तिथे गरजच पडत नाही. बरवे यांनी आकार, अवकाश आणि चित्राचा विचार यांवर ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिलं आहे आणि तेही मराठीत. ते जरूर वाचा, पण चित्रं पाहून झाल्यावर.

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत तर ओळखीची वस्तूही मिळत नाही. जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण जे. जे.मध्ये आणि पुढची बरीच वर्षं दिल्लीत. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याविषयी त्यांना ओढ होती. त्यांच्या चित्रांना बहुधा शीर्षकं नाहीत. अशा चित्रासमोर ‘ध्यान लागतं’ असं अनेक जण म्हणतात. त्यांच्यावर शंका घेऊ नका, पण जवळ जाऊन पाहा. रोलरने पसरवलेले रंगाचे पातळ थर एकावर एक आहेत. कुठे पॅलेट नाइफने रंग ओढून काढलेला आहे. कुठे कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलल्याने उमटलेले ठसे आहेत. खालच्या थराचा उजेड वरच्या थरातून झिरपतो, म्हणून कॅनव्हास आतून उजळल्यासारखा भासतो. ठसे अक्षरांसारखे दिसतात, पण वाचता येत नाहीत, म्हणून नजर एका जागी टिकत नाही आणि सुटूनही जात नाही. ‘ध्यान लागतं’ या अनुभवाला इथे हाताने केलेल्या कामाचा आधार आहे. तो दिसला की तुमचा अनुभव तुम्हाला दुसऱ्यालाही दाखवता येतो.

चिन्हांचा कोश बरोबर नेऊ नका

देवादिकांची चित्रं पाहण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. हातातलं आयुध, वाहन, मुकुट पाहिला की देव ओळखता येतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या छापील तसबिरी घरोघरच्या देवघरांत पोचल्या आणि ही सवय आणखी पक्की झाली. ती चुकीची नाही. त्या तसबिरी ओळखल्या जाव्यात, पूजल्या जाव्यात यासाठीच होत्या. अडचण तेव्हा येते, जेव्हा आपण तोच कोश घेऊन वेगळ्या जातीच्या चित्राकडे जातो. कमळ दिसलं की पावित्र्य, निळा रंग म्हणजे कृष्ण किंवा अनंत, पिवळा म्हणजे हळद आणि मांगल्य.

स्वीडनच्या हिल्मा अफ क्लिंट यांचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६२ चा. मैत्रिणींच्या लहानशा गटात त्या परलोकातल्या आत्म्यांशी संवाद साधण्याच्या बैठकी करत आणि त्या आत्म्यांच्या आदेशातूनच आपण चित्रं काढतो असं मानत. १९०६ ते १९१५ या काळात त्यांनी एका कल्पित मंदिरासाठी १९३ चित्रं केली. त्यातली ‘सर्वांत मोठी दहा’ ही मालिका १९०७ ची असून प्रत्येक चित्र तीन मीटरहून उंच आहे. विषय आहे माणसाच्या चार अवस्था: बालपणाला निळी पार्श्वभूमी, तारुण्याला नारिंगी, प्रौढपणाला फिकट जांभळी, वार्धक्याला फिकी गुलाबी. क्लिंट यांच्या वह्यांमध्ये चिन्हांचे अर्थ लिहिलेले आहेत आणि त्यांत निळा स्त्रीतत्त्वाचा, पिवळा पुरुषतत्त्वाचा आहे. आपला कोश इथे लावला तर वाचन उलटंपालटं होईल. मग त्यांची वही पाठ करून जावं का? तेही नको. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१८-१९ मध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा सहा लाखांहून अधिक लोक आले. त्या संग्रहालयाच्या इतिहासातली तोवरची ती सर्वाधिक गर्दी होती. त्यातल्या बहुतेकांनी त्या वह्या वाचलेल्या असणं शक्यच नाही. माणसाच्या दुप्पट उंचीच्या कागदावर वेलांटत जाणारे आकार, पाकळ्या आणि वर्तुळं अंगावर आल्यासारखी वाटतात. हा परिणाम आकारमानाचा, रंगाचा आणि रेषेच्या गतीचा आहे. वही नंतर वाचलीत तर त्यात भर पडेल.

शीर्षक, निवेदन आणि चित्रकाराची श्रद्धा

प्रदर्शनातलं निवेदन वाचताना सावध राहा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकाने बनवलेल्या अमूर्त प्रतिमांना भारदस्त शब्द यदृच्छया जुळवून शीर्षकं दिली होती. त्या शीर्षकांमुळे लोकांना त्या प्रतिमा अधिक सखोल वाटल्या. ‘वैश्विक चैतन्याचा अंतर्नाद’ असं काही वाचून भारावून जायला होतं, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या. निवेदनातला प्रत्येक दावा घेऊन चित्राकडे परत जा. ‘अवकाशाचा शोध’ असं लिहिलं असेल, तर अवकाशाचं काय केलं आहे ते दिसतं का? दिसलं तर निवेदनाने मदत केली. नाही दिसलं तर तो मजकूर बाजूला ठेवा आणि चित्र पाहत राहा. निवेदन वाईट आणि चित्र चांगलं, असंही पुष्कळदा असतं.

चित्रकाराच्या श्रद्धेचं काय करायचं, हा याहून अवघड प्रश्न. निकोलस रोरिख हे रशियन चित्रकार हिमालयात कुलूजवळच्या नग्गरला स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. पत्नी हेलेना यांच्यासह त्यांनी ‘अग्नियोग’ नावाची एक आध्यात्मिक विचारसरणी मांडली होती. तुम्हाला ती पटावी लागत नाही. टेंपेरा रंगाचे सपाट, एकावर एक रचलेले जांभळे-निळे पट्टे आणि त्यांत हरवून जाईल एवढा छोटा माणूस, हे प्रमाणच पाहणाऱ्याला लहान करतं. उलट, श्रद्धा पटली म्हणून चित्र चांगलं ठरत नाही, हेही तितकंच खरं. कोलकात्याचे गणेश पाइन यांच्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. १९४६ च्या दंगलीत लहानपणी पाहिलेली प्रेतं त्यांच्या मनातून गेली नाहीत, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या टेंपेरा चित्रांतले सांगाडे आणि अंधार त्यामुळे अधिक कळतात, पण प्रत्येक काळी छटा दंगलीची असं ठरवून टाकलंत तर चित्र चरित्राचं परिशिष्ट होऊन बसेल. चित्रावरून चित्रकाराच्या मनोवस्थेचं निदान तर मुळीच करू नका.

नेहमीचे आक्षेप

‘कलेत बरोबर-चूक नसतं, मला वाटतं तो माझा अर्थ.’ यातली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. तुम्हाला जे वाटलं ते कोणी खोटं ठरवू शकत नाही. पण ‘मला आजी आठवली’ हे तुमच्याबद्दलचं विधान झालं. ‘हे चित्र विरहाबद्दल आहे’ हे चित्राबद्दलचं विधान, आणि त्याला चित्रातून पुरावा द्यावा लागतो. दोन्हींना जागा आहे, पण एकाला दुसऱ्याच्या जागी बसवलं की वाद सुरू होतात. दोन माणसांचे दोन अर्थ असू शकतात आणि दोन्ही टिकू शकतात. कोणता अधिक टिकतो ते ठरवण्यासाठी एक सोपी कसोटी आहे: चित्रातलं अधिकाधिक कोण समजावून देतं? घड्याळाचा अर्थ सांगून पोकळी वाऱ्यावर सोडणारं वाचन अपुरं आहे.

‘अनुभूती शब्दांपलीकडची असते, चिरफाड केली की ती मरते.’ या आक्षेपाबद्दल मला आदर आहे, कारण तो मनापासून घेतला जातो. पण सवाई गंधर्व महोत्सवात बसलेल्या जाणत्या श्रोत्याला राग ओळखता आल्याने त्याचा आनंद कमी होत नाही. दाद तोच आधी देतो. बारकाईने पाहणं म्हणजे चिरफाड करणं, ही समजूतच मुळात चुकीची आहे. आणि चित्राने तुम्हाला शब्दांपलीकडे नेलंच, तर ज्या काठावरून नेलं तो काठ तरी पाहून ठेवायला काय हरकत आहे?

आणि तिसरा, न बोलला जाणारा आक्षेप: ‘मला काहीच वाटलं नाही.’ तो अपुरेपणा मानू नका. प्रत्येक चित्र प्रत्येकासाठी नसतं. काही चित्रं खरोखरच पोकळ असतात. पाच मिनिटं देऊनही बोट ठेवायला काही सापडलं नाही, तर तसं स्पष्ट म्हणा. शेजाऱ्याच्या स्पंदनांचं दडपण घेऊ नका.

राग आला तर

आपल्या श्रद्धेची आकृती अनोळखी रूपात दिसली की दुखावल्यासारखं होतं. गोमंतकीय चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी बंगाली चित्रपरंपरेत शिकून आल्यावर साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मेरी रंगवली. गोव्यातल्या तत्कालीन धार्मिक वर्तुळांना ती रुचली नाही. फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहून काम केलं. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेला आहे. राग आला तर वरच्याच पायऱ्या करा: नेमकं काय खटकलं, कॅनव्हासवर ते कुठे आहे, आणि तिथे खरोखर अवहेलना आहे की फक्त अपरिचितपणा? मोबाइलवर कोणी पाठवलेल्या कापलेल्या छायाचित्रावरून मत बनवू नका. विरोध नोंदवण्याचा हक्क तुम्हाला आहे. अभिप्रायवहीत लिहा, चित्रकाराला विचारा. मुंबईच्या जहांगीरसारख्या दालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शनाच्या आठवड्यात चित्रकार बहुधा तिथेच असतो. ‘याचा अर्थ काय’ याऐवजी ‘हा भाग कसा केलात, आणि हे इथेच का ठेवलंत’ असं विचारलंत तर तो मोकळेपणाने बोलेल.

विकत घेताना

आध्यात्मिक चित्रांच्या बाजारात न दिसणाऱ्या गोष्टींचे पैसे घेतले जातात. बोट ठेवण्याची कसोटी इथे खिशालाही उपयोगी पडते.

- अस्सल की छपाई? कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली चित्रं ‘हाताने काढलेली’ म्हणून विकली जातात. तिरक्या उजेडात पाहा. चित्रातली फांदी एका दिशेला आणि जेलचे फटकारे भलत्याच दिशेला जात असतील, तर ती छपाई समजा. भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमाही अशाच छापून येतात. छपाई घेण्यात गैर काही नाही, फक्त किंमत छपाईची द्या.
- पावती. चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम, आकार आणि ‘हाताने काढलेलं मूळ चित्र’ की ‘छापील प्रत’ हे पावतीवर लिहून घ्या. सहीचं प्रमाणपत्रही मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडे कागदच बोलतो.
- चमत्काराचे दावे. ‘हे चित्र लावलं की धनलाभ होतो, रोग बरा होतो’ असं कोणी सांगत असेल, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात ठेवा. अलौकिक शक्तीचा दावा करून वस्तू विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती या कायद्याखाली बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं. ‘हे पाहून मला शांत वाटतं’ हा मात्र अनुभव आहे, दावा नव्हे. तुम्हालाही तसं वाटत असेल तर तेवढं कारण चित्र घेण्यासाठी पुरेसं आहे.

चित्र घरी आलं म्हणजे त्याचे सगळे हक्क आले असं होत नाही. कॅनव्हास तुमचा, पण कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर साठ वर्षं तो टिकतो. बरवे १९९५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांबाबत २०५५ अखेरपर्यंत. त्यामुळे विकत घेतलेल्या चित्राची दिनदर्शिका छापायची किंवा ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरायचं, तर लेखी परवानगी लागते. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे. उलट करार नसेल तर त्याचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याकडे येतो, म्हणून काम देतानाच दोघांनी हे कागदावर आणावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार चित्र विकल्यावरही, आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड वा फेरफार झाल्यास चित्रकाराला दाद मागता येते. सोफ्याशी जुळावं म्हणून कडेचा भाग कापून फ्रेम करणारे असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. चित्र भिंतीवर लावलं नाही किंवा चित्रकाराच्या मनासारखं लावलं नाही, एवढ्याने मात्र या हक्काचा भंग होत नाही.

मुलं परदेशात आहेत आणि घरातलं चित्र त्यांच्याकडे पाठवायचं आहे, असं अनेक घरांत असतं. शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. काही चित्रकारांच्या कलाकृती वय न पाहताच ‘कलानिधी’ म्हणून जाहीर झालेल्या आहेत आणि त्यांनाही हीच बंदी आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिख हे ते नऊ जण. यांच्यापैकी कोणाचं चित्र नसेल, पण वयाबद्दल शंका असेल, तर सामान बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या आणि त्याची प्रत चित्राबरोबरच ठेवा.